फ्लास्कवर नजर

1993 साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त दहा पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक तिघे: एमआयटीतले तरुण प्राध्यापक मुंगी बावेंडी आणि त्यांचे विद्यार्थी ख्रिस्तोफर मरे व डेव्हिड नॉरिस. विषय होता कॅडमियमच्या संयुगांचे नॅनोस्फटिक, म्हणजे आज ज्यांना आपण क्वांटम डॉट म्हणतो ते. पुढे 2023 साली अलेक्सी एकिमोव्ह आणि लुई ब्रुस यांच्यासह बावेंडींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे प्रामुख्याने हाच निबंध आहे. शोधनिबंधातला ‘प्रयोगपद्धती’ हा भाग बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. इथे सगळा रस त्याच भागात साठला आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. कॅडमियम सेलेनाइडचा स्फटिक काही नॅनोमीटरइतका लहान झाला की त्यातल्या इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते आणि त्याच्या ऊर्जापातळ्यांमधले अंतर वाढते. स्फटिक जितका लहान, तितका त्याचा प्रकाश निळ्याकडे झुकतो. मोठा होत गेला की लालकडे. एकिमोव्ह यांनी रंगीत काचेत आणि ब्रुस यांनी द्रावणात हे दाखवून दिले होते. पण एकाच नमुन्यात लहानमोठे कण मिसळलेले असत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा, त्यामुळे वर्णपट पसरट येई. बेल लॅब्जमध्ये ब्रुस यांच्या हाताखाली काम करताना बावेंडींनी ही अडचण जवळून पाहिली होती. 1990 मध्ये ते एमआयटीत आले ते हाच प्रश्न घेऊन.

आता कृती. ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड नावाचे द्रावक निर्वातात सुकवायचे आणि अरगॉन वायूखाली सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. कॅडमियम आणि सेलेनियमची संयुगे एकाच सिरिंजमध्ये भरून घ्यायची. फ्लास्क तापवणे थांबवायचे आणि सगळे मिश्रण एका दमात आत सोडायचे. त्या क्षणी असंख्य बीजे एकदम जन्मतात. पण थंड मिश्रण पडल्यामुळे तापमान 180 अंशांच्या आसपास उतरते, आणि नवी बीजे निर्माण होणे थांबते. मग हळूहळू 230 ते 260 अंशांपर्यंत चढवत न्यायचे: जन्मलेलेच कण वाढतात, नवा एकही त्यांच्यात येत नाही.

मला या कृतीचे सौंदर्य जन्म आणि वाढ यांची अशी फारकत करण्यात दिसते. सगळे एकाच क्षणी जन्मले तर सगळे एकाच वयाचे राहतील, आणि एकाच वयाचे असतील तर आकारही जवळपास एकच राहील. तत्त्व नवे नव्हते. ला मेर आणि डायनेगार यांनी ते 1950 मध्येच मांडले होते. पण तत्त्व माहीत असणे वेगळे आणि तापलेल्या फ्लास्कमध्ये ते घडवून आणणे वेगळे.

यापुढचा भाग मला सर्वांत आवडतो. दर काही मिनिटांनी थोडे द्रावण काढून त्याचा वर्णपट घ्यायचा. शोषणाची रेषा पसरू लागली तर तापमान थोडे उतरवायचे. रेषा सरकायची थांबली, म्हणजे वाढ अडली, तर थोडे चढवायचे. आपल्याकडे पाक करताना दोन बोटांमध्ये तार पाहत आच कमीजास्त करतात, तसेच हे. फक्त इथे तार पाहण्याचे काम वर्णपट करतो. हव्या त्या आकाराला पोचताच थांबायचे, म्हणजे रंगही हवा तोच. पूर्ण नियंत्रण आपल्या हाती आहे असा दावा लेखक करत नाहीत. पदार्थ काय सांगतो ते पाहून हात हलवा, इतकेच सांगतात.

एवढे करूनही जो थोडा फरक उरतो त्यासाठी ब्युटॅनॉलमधल्या द्रावणात मिथेनॉल थेंबथेंब घालायचे. द्रावण दुधाळ दिसू लागले की मोठे कण आधी खाली बसतात. ते वेगळे करायचे आणि हीच क्रिया पुन्हा करायची. अशा रीतीने 1.2 ते 11.5 नॅनोमीटरपर्यंतचे नमुने तयार झाले, आकारातली तफावत 5 टक्क्यांच्या आत. निबंधातली जी आकृती पुढे सर्वत्र पोचली तिच्यात या नमुन्यांचे वर्णपट एकाखाली एक रचले आहेत. एकेक शिखर धारदार आणि आपापल्या जागी.

क्ष-किरण विवर्तनाचा भाग लांबलचक आहे, पण तो टाळू नये. आपले स्फटिक निर्दोष नाहीत, थरांच्या रचनेत चुका आहेत, हे लेखक गणिती प्रतिकृती करून स्वतःच दाखवतात. प्रकाशमानतेतही उणीव होती: कॅडमियम सेलेनाइडची पुंज-उत्पादकता, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांपैकी परत बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण, सामान्य तापमानाला जेमतेम 10 टक्के. ती 50 टक्क्यांवर गेली 1996 मध्ये, शिकागोत हाइन्स आणि गियो-सियोनेस्ट यांनी कणांभोवती झिंक सल्फाइडचे कवच चढवले तेव्हा. सिरिंजमधले कॅडमियमचे संयुग, म्हणजे अतिविषारी आणि हवेत पेट घेणारे डायमेथिलकॅडमियमही पुढे मागे पडले. 2001 मध्ये पेंग यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या जागी साधे कॅडमियम ऑक्साइड वापरले. द्रावके बदलली, धातू बदलले, कॅडमियमच नको म्हणून इंडियम फॉस्फाइड आले. तरी तापलेल्या द्रावकात एका दमात सिरिंज रिकामी करण्याची रीत टिकली, आणि अनेक प्रयोगशाळांत आजही क्वांटम डॉट तसेच बनवतात.