'उचल्या' : हजेरीपटाला दिलेले उत्तर

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भूक, चोरी, जातपंचायत आणि रांगडी भाषा हे त्यावरील चर्चेचे ठरलेले मुद्दे. परंतु या आत्मकथनातील माणसे सतत कोणाच्या तरी नजरेखाली जगतात, या गोष्टीकडे आपण पुरेसे पाहिले नाही. माझ्या मते तीच या पुस्तकाची मध्यवर्ती जाणीव आहे.

या नजरेला इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. नोंदवहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर पास. १९११ च्या कायद्याने त्यात बोटांच्या ठशांची भर घातली. सोलापूरच्या सेटलमेंटभोवती तारेचे कुंपण होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कुंपण निघाले, संशय राहिला.

'उचल्या'मध्ये हा कायदा कलमांच्या भाषेत येत नाही. तो पोलिसांच्या पावलांनी घरात शिरतो, झडती घेतो, बायकांवरही हात टाकतो. आपल्या मध्यमवर्गीय साहित्यात घर म्हणजे जगापासूनचा आडोसा. येथे घर हीच झडतीची जागा आहे. व्यक्तीच्या एकाकीपणावर आपल्या नवसाहित्याने पुष्कळ शाई खर्च केली. ज्याच्या दाराला कडीच नाही, त्याच्या एकांताचे काय, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही.

न्यायालयालाही तो उशिराच पडला. १९६२ च्या खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे रात्री घरी येणे घटनाबाह्य ठरवले. पण घरावरच्या गुप्त पहाऱ्याला हरकत घेतली नाही आणि खासगीपणाचा मूलभूत हक्कही मानला नाही. तो हक्क २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मान्य केला. पाचच वर्षांनी, २०२२ मध्ये, ठसे आणि बुबुळांच्या नोंदी घेऊन त्या ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद करणारा कायदा झाला. ज्यांना संशयावरून आधी उचलले जाते, त्यांच्याच नोंदी आधी साठणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मे २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयालाच दखल घ्यावी लागली की, विमुक्त जमातींतील माणसांची नावे केवळ जातीच्या पूर्वग्रहाने पोलिसांच्या वहीत चढवली जातात, असे अभ्यास सांगतात.

मग एक अडचणीचा प्रश्न उरतो. आधीच पाळतीखाली असलेल्या समाजाच्या चोरीच्या खुब्या गायकवाडांनी छापून का उघड केल्या?

गेल्या वर्षी हे पुस्तक शिकवताना मी वर्गात सहज विचारले, "या समाजाचे कोणी आहे का इथे?" कोणीच बोलले नाही. तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, "सर, मी आहे. पण वर्गात सांगू नका." मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. माझे आडनाव ऐकताच समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे मी जाणतो. तरीही त्या दिवशी मी हजेरीच घेतली होती.

त्या मुलाने मला वरील प्रश्नाचे उत्तर दिले. नोंदवहीत आपल्याविषयी दुसरा लिहितो. आत्मकथनात काय सांगायचे, कधी, कोणाला, हे आपण ठरवतो. गायकवाडांचे बोलणे आणि त्या मुलाचे गप्प राहणे, दोन्ही एकाच हक्कातून येतात. पुस्तकाची मर्यादाही याच कसोटीवर दिसते: घरातल्या बायकांचे जे उघड्यावर आले, ते त्यांच्या तोंडून आलेले नाही. त्यांचे सांगणे त्यांनीच सांगायला हवे.

आणि आपल्या समीक्षेनेही स्वतःला तपासावे. "आणखी भोगलेले दाखवा, तरच अस्सल" असा आग्रह आपण दलित आणि विमुक्त लेखकांपुढे धरतो, तेव्हा आपणही त्यांच्या घराची झडतीच घेत असतो.