संशयाचा तयार चेहरा

ऑक्टोबर २०१५. ‘होमलँड’ या अमेरिकी मालिकेची नायिका लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासितांच्या छावणीतून चालली आहे. मागच्या भिंतीवर अरबी अक्षरं दिसतात. बर्लिनजवळच्या सेटवर ती रंगवायला बोलावलेल्या तीन कलावंतांनी चक्क लिहून ठेवलं होतं, ‘होमलँड वर्णद्वेषी आहे’. चित्रीकरण झालं, संकलन झालं, भाग प्रसारितही झाला; मजकूर कोणी वाचलाच नाही. निर्मात्यांच्या लेखी अरबी लिपी ही धोका सुचवणारी नक्षी होती.

दहशतवादावरच्या थरारमालिकांचं दुखणं या भिंतीवर नेमकं दिसतं.

‘२४’ ही मालिका ६ नोव्हेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कमधल्या हल्ल्यानंतर दोनच महिन्यांत सुरू झाली. पहिल्या पर्वातले खलनायक सर्बियन होते. दुसऱ्यात मध्यपूर्वेतल्या घरातला रेझा हा नवरदेव संशयात सापडतो आणि खरी गुन्हेगार निघते त्याची गोरी वाग्दत्त वधू मेरी. कलाटणी चांगली होती. पण रेझाच्या नावाने प्रेक्षक आधीच सावध होणार, या हिशेबावर ती उभी होती. २००५च्या चौथ्या पर्वात लॉस एंजेलिसमधलं साधंसुधं वाटणारं अराझ कुटुंबच कटात सामील निघालं. मुस्लिम संघटनांनी हरकत घेतल्यावर फॉक्स वाहिनीने नायक किफर सदरलँडचं निवेदन दाखवलं : अमेरिकी मुसलमान दहशतवादाच्या विरोधात आहेत. गोष्टीला जे सांगता आलं नाही, ते गोष्टीबाहेर सांगावं लागलं.

ब्रिटनमध्ये २०१८ साली ‘बॉडीगार्ड’ या मालिकेने हाच हिशेब उलटा मांडला. आगगाडीत स्फोटकांचा पट्टा बांधून थरथरणारी नादिया नवऱ्याची बळी वाटते. शेवटी बॉम्ब तिनेच बनवलेले असतात. बिचारी मुस्लिम बाई हा एक साचा मोडायला दुसरा साचा वापरला गेला.

दहशतवादी पात्र लिहिण्यात गैर काहीच नाही. मात्र त्याचा हेतू, त्याचं घर, त्याचा भूतकाळ उभा करण्याचे कष्ट नाव, दाढी आणि उच्चार यांच्यावर सोपवले, की लेखन लंगडं होतं आणि त्याची किंमत पडद्याबाहेरची माणसं मोजतात.

‘द फॅमिली मॅन’ या हिंदी मालिकेच्या २०१९च्या पहिल्या पर्वात हे कष्ट दिसतात. काश्मिरी विद्यार्थी करीमवर नायकाच्या पथकाला संशय येतो, प्रेक्षकालाही येतो. तो मारला जातो आणि निर्दोष असल्याचं मागाहून कळतं. संशयाची जबाबदारी इथे पाहणाऱ्यावरही येते.

२०२१च्या दुसऱ्या पर्वावर, त्यातल्या तमिळ बंडखोरांच्या चित्रणावरून, प्रदर्शनाआधीच तमिळनाडूतून आक्षेप आले. राज्य सरकारने केंद्राकडे बंदीची मागणी केली. प्रत्यक्षात अभिनेत्री समंथाने साकारलेल्या राजी या बंडखोर स्त्रीला वेदनेचा इतिहास होता, स्वतःचं मन होतं. तरीही तमिळ लढवय्यी दाखवायची म्हणून रंगभूषेने तिची त्वचा काळी केलीच.