पडद्याआडच्या अशिलांची वकील

वकिलांनी लिहिलेली पुस्तके गेली काही वर्षे मी जमवतो आहे. बहुतेकांत गाजलेले खटले असतात, चुरचुरीत उलटतपासणी असते. अशील मात्र फी भरून निघून गेल्यासारखा दिसेनासा होतो. कॉर्नेलिया सोराबजींचे ‘इंडिया कॉलिंग’ (१९३४) हाती आले, आणि पहिल्यांदाच अशील भेटला, किंबहुना भेटली.

सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी मिळाली १९२२ साली, कारण १९२० पर्यंत ते विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नव्हते. सनद नसतानाही १९०४ पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार होत्या. इस्टेट मोठी, पण मालकिणीने परपुरुष वकिलासमोर यायचे नाही. कारभारी सांगेल ते खरे. त्या दाराआड सोराबजी जाऊ शकल्या.

हत्तीच्या वतीने केलेल्या त्यांच्या वकिलीचा किस्सा सगळे सांगतात. गमतीचा आहे, पण त्यांचे खरे लेखन ‘बिट्वीन द ट्वायलाइट्स’सारख्या (१९०८) पुस्तकांत आहे. दाव्याच्या कागदात न मावणारे तिथे येते: व्रतवैकल्ये, वैधव्य, घरातली भीती.

माझी तक्रारही तिथेच सुरू होते. अशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, असे १८७२च्या पुरावा कायद्याचे १२६वे कलम वकिलाला बजावत होते. सनद नसलेल्या सल्लागाराला ते लागू होते का, हा कीस कायदेपंडितांनी काढावा. मला खटकते ते वेगळेच. अंतःपुरात ऐकलेले इंग्रजीत गेले, आणि ज्यांचे ते होते त्यांतल्या बहुतेकींना ते वाचता येणार नव्हते. पुढे सोराबजींनी कॅथरीन मेयोंच्या ‘मदर इंडिया’ची (१९२७) बाजू घेतली. असहाय बाई आणि तिला वाचवणारे सरकार, हे चित्र त्यांच्या लेखनात आधीपासून होतेच. अशील हळूहळू साक्षीदार झाली, तीही दुसऱ्याच दाव्यात.

तरीही हे लेखन टाकून देता येत नाही. त्या खोल्यांत इतक्या जवळून बसलेला दुसरा वकील माझ्या संग्रहात नाही. फक्त त्याच बंगालातले, १८७६ साली छापलेले राससुंदरी देवींचे ‘आमार जीबन’ शेजारी ठेवावे. स्वयंपाकघरात चोरून अक्षरे शिकलेल्या या गृहिणीने आपली हकिकत स्वतःच लिहिली आहे, बंगालीत.