‘शाळा’ आणि पौगंडवयातील स्नेह

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी मौज प्रकाशनाने २००४ साली प्रसिद्ध केली. सुजय डहाके यांनी दिग्दर्शिलेला तिच्यावरील चित्रपट २०१२ च्या आरंभी पडद्यावर आला व त्यास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही लाभले. या कादंबरीविषयी बोलताना ‘आमचे शाळेतले दिवस आठवले’ हा अभिप्राय इतक्या वेळा कानी येतो, की तोच तिचा एकमेव गुण असावा असा समज व्हावा. आम्हांस हा अभिप्राय अपुरा वाटतो. जुन्या दिवसांची आठवण जत्रेतील पिपाणीही करून देते. त्यासाठी कादंबरी लिहावी लागत नाही.

कथानक चार वाक्यांत सांगता येईल. आणीबाणीचा काळ, एक लहानसे गाव, नववीचा वर्ग. मुकुंद जोशी हा कथा सांगणारा. सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे त्याचे सोबती. हे चौघे एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमतात आणि इतर गोष्टींबरोबर वर्गातील मुलींविषयी बोलतात. जोशीस शिरोडकर आवडते, आणि अखेरीस ती गाव सोडून जाते. कादंबरीस पुरेल असा प्रसंग यात कोठे आहे, असे कोणी विचारील. आणि त्याचे उत्तर एवढेच, की या वयात प्रसंग घडत नाहीत, त्यांची वाट पाहिली जाते. ही वाट पाहणे बोकिलांनी जितक्या धीराने लिहिले आहे तितक्या धीराने लिहिलेले आमच्या वाचनात फारसे नाही.

त्यांनी अचूक हेरलेली एक गोष्ट अशी, की या वयातील आकर्षण आरंभी एकट्याचे नसते. ते मित्रमंडळाची सामाईक मालमत्ता असते. ‘लाइन’ हा मुलांचा शब्द नाणे वाजवून पाहावे तसा चौघांत फिरत राहतो. कोणाची लाइन कोणावर, ती देते की नाही, याची चर्चा एखाद्या पंचायतीच्या गांभीर्याने चालते. जी भावना अजून नीट जन्मास आली नाही तिला आधी मैत्रीने नाव दिले, मग मनाने ती ओळखली, असा हा उलटा क्रम आहे. आणि जोशीच्या मनात मित्रांसही सांगू नये असे काही जमू लागते, तेव्हा तो त्या इमारतीत बसूनही थोडा एकटा होतो. मैत्री व प्रेम यांतील सीमारेषा कोठे असते याविषयी पुष्कळ पांडित्य लिहिले गेले आहे. येथे ती एका मुलाच्या गप्प बसण्यात दिसते.

तिचा उल्लेख तो सदैव आडनावाने करतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मुलामुलींच्या एकत्र शाळांतील ही जुनी रीत. नावाने हाक मारणे म्हणजे सलगी, म्हणून आडनाव. पण हेच कोरडे, हजेरीपटावरील आडनाव जोशीच्या तोंडी हळूहळू असे भिजत जाते, की लेखकास ‘प्रेम’ हा शब्द फारसा खर्चावाच लागत नाही.

आम्ही कायद्याच्या व्यवसायातले असल्यामुळे या कादंबरीचा काळ आम्हांस आणखी एका कारणाने महत्त्वाचा वाटतो. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली तेव्हा केवढे वादळ उठले होते, हे टिळक-आगरकरांच्या वादामुळे मराठी वाचकांस ठाऊक आहे. हरिभाऊ आपट्यांची यमू ज्या वयात सासरी नांदत होती त्या वयात आता मुलगी भूगोलाची वही लिहिते. १९२९ च्या शारदा कायद्याने वधूचे किमान वय १४ केले. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यात ते १५ होते. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. बालपण आणि विवाह यांमधील जी मोकळी वर्षे आपण आज निसर्गदत्त समजतो ती अशी कायद्याने आणि शाळेने मिळून निर्माण केली आहेत. शिरोडकर नववीत असताना, म्हणजे १९७५-७६ साली, पंधरा वर्षे पुरी झालेल्या हिंदु मुलीचे लग्न लावून देण्यास कायद्याची हरकत नव्हती. तिने वर्गातल्या मुलाशी थांबून चार वाक्ये बोलण्यास मात्र गावाची होती.

पुढे २०१२ साली लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ‘पोक्सो’ या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. त्याने अठरा वर्षांखालील सर्वांस बालक मानले आणि त्यांच्या संमतीस काही अर्थ ठेवला नाही. घरातल्या व ओळखीच्या मोठ्या माणसांकडून मुलांवर होणारे अत्याचार पाहता असा कडक कायदा हवाच होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु न्यायालयांत एक वेगळ्या जातीचे प्रकरणही वारंवार येते: मुलगी सोळा-सतरा वर्षांची, मुलगा तिच्याहून थोडा मोठा, फिर्याद मुलीच्या वडिलांची, आणि साक्षीस उभी राहिलेली मुलगी सांगते, की मी आपखुशीने गेले होते. विधि आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या आपल्या २८३ व्या अहवालात वयोमर्यादा खाली आणू नये, मात्र सोळा ते अठरा या वयोगटातील अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशास तारतम्य असावे, असे सुचविले. हा उपाय आम्हांस अर्धा वाटतो. अटक, कोठडी, गावभर झालेला बोभाटा आणि बुडालेली परीक्षा ही शिक्षा निकालाच्या आधीच भोगून झालेली असते.

‘शाळे’तही असे एक लहानसे न्यायालय भरते. सुऱ्या आडपडदा न ठेवता केवड्याला विचारतो, गोष्ट वडीलधाऱ्यांपर्यंत जाते, आणि पुढे मार. आता सुऱ्याचा धसमुसळेपणा आणि जोशीचे वाट पाहणे या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्यास कोणी तरी कान धरून समजावणे अवश्य होते, दुसऱ्यास तसे नव्हते. पण वडीलधाऱ्यांच्या कोशात या साऱ्यास ‘भानगड’ हा एकच शब्द आहे. अपवाद नरूमामाचा. तो थट्टेत का होईना, भाच्याशी या विषयावर बोलतो. प्रत्येक घरात एखादा नरूमामा असता तर वकिलांचे बरेचसे काम कमी झाले असते.

आपल्या देवळांच्या परंपरेत या विषयाचे वावडे आहे असेही म्हणता येत नाही. एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ चांगला वर मिळावा म्हणून कुमारिकांकडून वाचून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. त्या कथेतील कन्या काय करते? भावाने ठरविलेला शिशुपाल नाकारते, न पाहिलेल्या श्रीकृष्णास स्वतः पत्र लिहिते, आणि ते ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस पाठविते. कीर्तनात ते पत्र ऐकताना ज्यांचे डोळे पाणावतात त्याच आईवडिलांस मुलीच्या दप्तरात चिठ्ठी सापडली म्हणजे काय होते, हे सांगणे नको. रुक्मिणी जगन्माता आणि आपली मुलगी नववीत, हा भेद आम्ही विसरत नाही. तरी ज्यांनी ही कथा शतकानुशतके मांडवात गायिली त्यांना मुलीस काही इच्छा असू शकते हे ऐकून इतका धक्का बसू नये.

आता कादंबरीचे उणे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याला शालू आवडते, पण शाळेतल्या मुलांदेखत डुकरामागे धावावे लागणाऱ्या त्या पोरास ते उच्चारणेही शक्य नाही. त्याच्या शेजारी ठेवले म्हणजे जोशीचे दुःख सुखवस्तू वाटते. हा दोष नव्हे, मर्यादा. खरा दोष हा, की शिरोडकर आपणांस केवळ जोशीच्या डोळ्यांनी दिसते. ती सावध आहे, त्याच्याहून समंजस आहे, एवढे कळते. तिला काय वाटत होते ते कळत नाही. निवेदक मुलगा असल्यामुळे हे अपरिहार्य होते, असा बचाव होऊ शकेल. आम्हांस तो पुरता पटत नाही. चांगला निवेदक स्वतःस न कळलेलेही वाचकाच्या हाती देऊन जातो.

मुलीस न विचारण्याची ही सवय कादंबरीपुरती नाही. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने एक प्रकरण स्वतःहून हाती घेतले, त्याचा निकाल २३ मे २०२५ रोजी झाला. ते जोशी-शिरोडकरसारखे खचितच नव्हते: मुलगी चौदाची, पुरुष पंचविशीचा, आणि गुन्हा निर्विवाद, ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची दोषसिद्धीही कायम झाली होती. तरी शिक्षेचा विचार करण्यापूर्वी न्यायालयाने समिती नेमून त्या मुलीचे म्हणणे जाणून घेतले. घडलेल्या गोष्टीहून नंतरची पोलीस-कचेरीची व कुटुंबाने टाकून दिल्याची यातना तिला अधिक झाली होती, असे त्यातून निघाले, आणि न्यायालयाने विशेषाधिकार वापरून त्यास पुन्हा तुरुंगात पाठविले नाही. असे तिला विचारले गेले तोवर ती सज्ञान होऊन एका मुलीची आई झाली होती.