छापील पाककृतीचे कूळ

अन्नाच्या इतिहासाला विद्वानांच्या पंगतीत पाट मांडून देण्याचे श्रेय कोणत्याही विद्यापीठापेक्षा लंडनमध्ये जन्मलेल्या एका चिमुकल्या नियतकालिकाला अधिक आहे, असे आमचे मत आहे. ‘पेती प्रोपो क्युलिनेर’ हे त्याचे फ्रेंच नाव. ‘स्वयंपाकाविषयी चार गोष्टी’ असे त्याचे मराठी करता येईल. मजकूर मात्र इंग्रजी. १९७९ साली अॅलन डेव्हिडसन आणि त्यांच्या पत्नी जेन यांनी ते सुरू केले. एलिझाबेथ डेव्हिड, रिचर्ड ऑल्नी, जिल नॉर्मन ही मंडळी सोबतीला होती. यांपैकी एकही जण इतिहासाचा प्राध्यापक नव्हता.

त्याची जन्मकथा गमतीची आहे. ऑल्नी त्या सुमारास टाइम-लाइफच्या ‘द गुड कुक’ या ग्रंथमालेचे काम पाहत होते. पूर्वी कुठेतरी छापून आलेल्याच पाककृती मालेत घ्यायच्या, असा तेथला दंडक. ऑल्नींसारख्या सिद्धहस्त माणसालाही स्वतःची नवी कृती सरळ घालता येईना. तेव्हा मित्रांनी तोड काढली : आपणच एक अंक काढावा, त्यात कृती छापावी, म्हणजे ती ‘पूर्वप्रसिद्ध’ ठरेल!

नियमातून काढलेल्या या पळवाटेने पुढे तोच नियम कुलाचारासारखा पाळावा, हे आम्हांला विशेष वाटते. कोणती कृती प्रथम कोठे छापली, कोणी कोणाची उचलली, याचा काटेकोर शोध ही या अंकांची ओळख झाली. एलिझाबेथ डेव्हिड यांनी बर्फाच्या आणि आइस्क्रीमच्या इतिहासावर येथेच लिहिले. पण या पद्धतीचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे हॅना ग्लास यांच्यावरील लेख. ग्लासबाईंचे १७४७ सालचे पाकशास्त्र अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचले होते. १९८३ साली जेनिफर स्टेड यांनी आणि १९८६ साली प्रिसिला बेन यांनी ते जुन्या पुस्तकांशी ओळीला ओळ लावून ताडून पाहिले. ९७२ कृतींपैकी ३४२ कृती इतरांच्या पुस्तकांतून, नामनिर्देश न करता, घेतलेल्या निघाल्या. ही मोजदाद कोरडी वाटेल. पण स्वयंपाकाच्या पुस्तकाकडे एखाद्या पोथीच्या पाठासारखे पाहता येते, हे तिने सिद्ध केले.

आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. छापलेले छापलेल्याशी ताडता येते. सांगितलेले कशाशी ताडायचे? ग्लासबाईंनी आपले पुस्तक घरकाम करणाऱ्या मोलकरणींसाठी लिहिले, असे त्या प्रस्तावनेत सांगतात. त्या मोलकरणींकडून बाईंनी काय घेतले असेल, याचा हिशेब कोणत्याही तळटीपेत बसत नाही. पुस्तकातून केलेली चोरी उघडकीस आली, चुलीवरून केलेली उचल मात्र ‘मूळ कृती’ म्हणून मिरवत राहिली. आधाराचा आग्रह धरणाऱ्या या मंडळींनी आधाराची ही दुसरी जात पुरेशी शोधली, असे आम्हांला म्हणवत नाही.

आणि त्यांना ती ठाऊक नव्हती असेही नाही. डेव्हिडसन हे ब्रिटिश परराष्ट्रखात्यातले अधिकारी. ट्युनिसमध्ये नेमणूक असताना जेनबाईंना बाजारात मासळीची नावे उमगेनात, म्हणून त्यांनी १९६३ साली एक लहानशी पुस्तिका तयार केली. कोणता मासा कोठे कोणत्या नावाने विकला जातो, हे जमवणे हा त्यांच्या कामाचा पाया होता. आणि बाजारातले नाव कोळ्याच्या तोंडूनच कळते. (पुढे त्यांच्या १९९९ सालच्या ‘ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू फूड’ या जाडजूड कोशात आपल्या बोंबलालाही स्वतंत्र नोंद मिळाली, ‘बाँबे डक’ या साहेबी नावाने का होईना!) कानाने सुरू झालेला हा अभ्यासक नियतकालिकाच्या पानांवर मात्र डोळ्यांवर अधिक विसंबला.

तरीही एक पुस्तक या आक्षेपाची धार बोथट करते. डेव्हिडसन लाओसमध्ये राजदूत असताना, १९७४ साली, तेथील युवराजांनी त्यांच्या हाती काही वह्या दिल्या. लुआंग प्राबांगच्या राजवाड्यातील मुख्य आचारी फिया सिंग यांनी त्या स्वहस्ते लिहिल्या होत्या. ते १९६७ सालीच वारले होते. १९७५ च्या अखेरीस तेथील राजेशाही संपली. डेव्हिडसन दांपत्याने नियतकालिकाबरोबरच उभ्या केलेल्या ‘प्रॉस्पेक्ट बुक्स’ या घरगुती प्रकाशनाने १९८१ साली त्या कृती इंग्रजी भाषांतरासह छापल्या, आणि सोबत वह्यांची लाओ हस्ताक्षरातील पानेही जशीच्या तशी दिली. येथे आचारी आधार म्हणून नव्हे, लेखक म्हणून उभा आहे. मुखपृष्ठावर नाव त्याचे आहे. १९९३ साली प्रकाशन टॉम जेन यांच्याकडे गेले, २००३ साली डेव्हिडसन यांना इरॅस्मस पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पारितोषिकाच्या निमित्ताने सर्वांनी कोशाचे गुणगान केले. आम्ही मात्र आधी फिया सिंग यांच्या वह्यांचे पुस्तक हाती घेऊ.