जीवनसत्त्व ‘के’ची रूपे व मात्रा : बहुजीवनसत्त्व गोळ्यांच्या घटकतक्त्याची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठी पाठ्यपुस्तकांत ‘क’ जीवनसत्त्व म्हणजे लिंबू-आवळ्यातील आणि ‘के’ जीवनसत्त्व म्हणजे हिरव्या पालेभाज्यांतील, रक्त गोठण्यास आवश्यक असणारे. दोहोंत फरक एका मात्रेचा आहे, आणि ‘के’संबंधीचा खरा प्रश्नही मात्रेचाच आहे. छत्रपती संभाजीनगरातील शहागंजमध्ये घड्याळाच्या मनोऱ्याच्या परिसरात मेथी-पालकाच्या जुड्या आणि औषधांची दुकाने एकमेकांपासून फार दूर नाहीत. जुडी विकत घेताना ग्राहकाला ‘के’चे रूप कोणते, हे विचारावे लागत नाही. गोळीच्या बाबतीत मात्र तो प्रश्न टाळता येत नाही. अनेकदा घटकतक्ता केवळ ‘व्हिटॅमिन के’ एवढेच सांगून मोकळा होतो. या मौनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूपांचा प्रश्न :

डॅनिश संशोधक हेन्रिक डॅम यांना स्निग्धांशरहित आहारावर वाढविलेल्या कोंबडीच्या पिलांत रक्तस्राव आढळला. त्यातून १९३५ मध्ये या द्रव्याला ‘कोॲग्युलेशन’मधील ‘के’ हे अक्षर मिळाले. १९४३ चे नोबेल पारितोषिक डॅम आणि रासायनिक रचना उलगडणारे एडवर्ड डॉइझी यांना विभागून देण्यात आले. नाव एक राहिले. द्रव्ये मात्र अनेक निघाली. वनस्पतींतील फायलोक्विनोन हे ‘के१’ होय. जिवाणू व प्राणिज स्रोतांतील मेनाक्विनोनांचे कुल ‘के२’ या नावाने ओळखले जाते. त्यांपैकी एमके-४ व एमके-७ ही दोन बाजारात दिसतात. मेनाडायोन, म्हणजे ‘के३’, कृत्रिम असून नवजात अर्भकांत रक्तपेशी फुटणे व कावीळ यांस कारणीभूत ठरल्याने आज त्याचे स्थान मुख्यतः पशुखाद्यात आहे.

या रूपांना एकाच मापाने मोजणे ही घटकतक्त्याची मूळ चूक आहे. फायलोक्विनोन रक्तातून काही तासांत ओसरते. एमके-७ चा अर्धायुकाल मात्र सुमारे तीन दिवसांचा आहे. रोज घेतल्यास ते साचत जाते. फायलोक्विनोनचा रेणुभार सुमारे ४५१, तर एमके-७ चा ६४९ असल्याने समान वजनात एमके-७ चे रेणू कमी असतात. तरीही रक्त गोठण्यावरील त्याचा परिणाम अधिक ठरतो. एमके-४ ची गत उलट आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात ४२० मायक्रोग्रॅमची एक मात्रा दिल्यानंतर एमके-४ रक्तात आढळलेच नाही, एमके-७ मात्र आढळले. जपानमध्ये अस्थिविरलतेसाठी एमके-४ दिवसाला ४५ मिलिग्रॅम दिले जाते. तेव्हा गोळीत पन्नास-शंभर मायक्रोग्रॅम एमके-४ घालणे ही तक्त्याची शोभा होय, याहून अधिक काही म्हणता येत नाही.

मात्रेचा प्रश्न :

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम हे प्रमाण सांगितले आहे. अमेरिकेत पुरुषांसाठी १२० व स्त्रियांसाठी ९० मायक्रोग्रॅम हे आकडे २००१ मध्ये ठरले, तेही लोक प्रत्यक्षात किती खातात यावरून. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये ७० मायक्रोग्रॅम ठरविताना ते फक्त फायलोक्विनोनपुरते ठेवले आणि मेनाक्विनोनांसाठी प्रमाण ठरविण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले. हा प्रामाणिकपणा घटकतक्त्यात उतरत नाही. ५५ मायक्रोग्रॅम एमके-७ पुढे ‘शंभर टक्के’ असे छापणे म्हणजे मणाचे माप लिटरला लावणे होय.

एमके-७ ची जाहिरात प्रामुख्याने हाडे व हृदय यांच्या नावाने होते. आंबवलेल्या सोयाबीनच्या नात्तो या जपानी पदार्थातून परिचित झालेले हे द्रव्य आता परके राहिलेले नाही; मुंबईतील सिनर्जिया लाइफ सायन्सेस ते जिवाणूंच्या किण्वनातून तयार करते. पुरावा मात्र दुभंगलेला आहे. रॉटरडॅम येथील २००४ च्या निरीक्षणात आहारातील के२ व कमी हृदयविकार यांचा संबंध दिसला. नेदरलँड्समध्ये रजोनिवृत्त स्त्रियांना तीन वर्षे १८० मायक्रोग्रॅम दिल्यावर हाडांची झीज मंदावल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे डेन्मार्कमध्ये ३७५ मायक्रोग्रॅम तीन वर्षे देऊनही हाडांच्या घनतेत लाभ आढळला नाही (२०२१), आणि ७२० मायक्रोग्रॅम एमके-७ ‘ड’ जीवनसत्त्वासह दोन वर्षे देऊनही महाधमनीच्या झडपेवरील चुन्याचा थर वाढण्याचे थांबले नाही (२०२२). मात्रा वाढली, लाभ वाढला नाही. जाहिरात मात्र २००४ मध्येच थांबलेली दिसते.

हा केवळ विद्वत्तेचा वाद असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप निकामी होऊन यांत्रिक झडप बसविलेले रुग्ण मराठवाड्यात नवीन नाहीत. नवी गोठणरोधके आली तरी यांत्रिक झडपेसाठी वॉरफरिन वा ॲसिनोकुमॅरॉल यांनाच पर्याय नाही, आणि ही औषधे ‘के’च्या पुनर्वापराचा मार्ग अडवूनच काम करतात. अशा रुग्णाला ‘पालेभाजी खाऊ नका’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो सल्लाही अर्धवटच आहे. शंभर ग्रॅम पालकात काही शे मायक्रोग्रॅम फायलोक्विनोन असले तरी पानांच्या पेशींत अडकलेल्या त्या द्रव्याचा थोडाच भाग शोषला जातो. फोडणीच्या तेलाने तो वाढतो इतकेच. भाजी वर्ज्य करण्यापेक्षा तिचे प्रमाण रोज सारखे राखणे अधिक महत्त्वाचे असते. रुग्ण मात्र मेथीची जुडी परत ठेवतो आणि अशक्तपणासाठी दुकानातून एमके-७ असलेली गोळी घेऊन जातो. संवेदनशील व्यक्तींत दिवसाला अवघे १० मायक्रोग्रॅम एमके-७ देखील गोठणरोधकाचा परिणाम बिघडवू शकते, असे २०१३ मधील एका अभ्यासात आढळले. भाजीवर कुणी सूचना छापत नाही, तरी तिची भीती आहे. गोळीवर सूचना छापता येते, तरी ती बहुधा इंग्रजीत, आणि भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत असते.

सर्वसामान्य बहुजीवनसत्त्व गोळी ही कोण घेणार हे ठाऊक नसताना बनविली जाते. म्हणून तिच्यात फायलोक्विनोन, आणि तेही २५ ते ५५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत असणे सयुक्तिक ठरते. एमके-७ हवेच असेल तर ते स्वतंत्र गोळीत, रूपाच्या पूर्ण नावासह असावे. ‘शंभर टक्के’चा शिक्का त्यावर नसावा. रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांसाठीची सूचना मराठीत, आणि शहागंजसारख्या पेठेत उर्दूतही, वेष्टनाच्या दर्शनी बाजूस छापण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही.