पिअर कार्डिनचा पेन आणि करवतकाठी

भंडाऱ्यात आमच्या शाळेच्या दिवसांत पिअर कार्डिन म्हणजे पेन. दहावीचा निकाल लागला की एखादे काका मखमली डबीतला तो जड, धातूचा पेन द्यायचे. तो वापरायचा नाही, कपाटात ठेवायचा, अशी पद्धत. हे नाव पॅरिसमध्ये बायकांचे कोट शिवणाऱ्या एका माणसाचं आहे, हे आमच्या वर्गात कुणाच्या गावीही नव्हतं. पेन बनायचा आपल्याच देशात. मुंबईच्या फ्लेअर कंपनीने ते नाव परवान्यावर घेतलेलं. फ्रान्समधून आलं होतं ते फक्त नाव.

एखादं फॅशन हाऊस जगभर पसरलेला ‘लक्झरी लाइफस्टाइल’ धंदा कसं होतं, ह्यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. ऑफिसमधून आल्यावर जेवताना मी ते बघतो. साचा ठरलेला असतो. लहानशी खोली, दोन शिलाई मशिनं, एक हट्टी माणूस. मग एखादी राणी किंवा नटी त्याचा ड्रेस घालते. मग अत्तर, मग पर्स, चष्मे, हॉटेल आणि शेवटी अब्जांतला आकडा, मागे ढोल. बघायला मजा येते. पण तिसऱ्या मिनिटानंतर त्यात कापड दिसतच नाही. ते कुठून आलं, कुणी विणलं, त्या विणणाऱ्याचं पुढे काय झालं, कुणी विचारत नाही. व्हिडिओवाल्यांचा हा निष्काळजीपणा आहे असं मला वाटायचं. आता वाटतं, की ते नकळत खरंच सांगतायत. नाव कापडापासून सुटं होणं, हीच ह्या धंद्याची वाढ.

दिओरचं उदाहरण घ्या. १९४६च्या अखेरीस पॅरिसच्या अव्हेन्यू माँतेन्यवर हे घर उघडलं, तेव्हा पैसा लावला मार्सेल बुसाकने. हा माणूस गिरणीमालक, फ्रान्समधल्या सुती कापडाचा राजा. फेब्रुवारी १९४७मध्ये ख्रिश्चन दिओरने पहिलं कलेक्शन दाखवलं. युद्धाच्या टंचाईत आखडलेल्या झग्यांच्या जागी मीटरच्या मीटर कापड खाणारे घेरदार झगे आले. कापड विकणाऱ्याला आणखी काय हवं? पण त्याच वर्षी ‘मिस दिओर’ हे अत्तरही आलं, आणि १९५०च्या आगेमागे स्टॉकिंग्ज आणि टाय दुसऱ्यांकडून बनवून घेऊन त्यांच्यावर दिओरचं नाव लावण्याचे करार सुरू झाले. पुढे गिरण्या बुडाल्या. १९८४मध्ये बेर्नार आर्नोने बुसाकचा डबघाईला आलेला सगळा कारभार घेतला. त्यातून त्याने दिओर आणि ‘बाँ मार्शे’ हे दुकान ठेवलं, बाकी बहुतेक विकून टाकलं. कापड खपावं म्हणून ज्या नावात पैसा घातला ते नाव उरलं, कापड गेलं.

आमच्याकडची गिरणीही गेली, फक्त मागे नाव उरलं नाही. भंडाऱ्याहून तासा-दीड तासावर नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७मध्ये एम्प्रेस मिल काढली. ती २००२मध्ये बंद पडली. आज त्या जागी मॉल आहे, आणि नाव उरलंय ते मॉलवर.

नाव सुटं झालं की ते सैल सोडायचं की मुठीत ठेवायचं, हा पुढचा प्रश्न. कार्डिनने सोडलं. १९५९मध्ये ‘प्रँताँ’ ह्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्याने तयार कपडे विकायला ठेवले, तेव्हा पॅरिसच्या बड्या शिवणघरांना ते खपलं नव्हतं. मग शेकडो परवाने दिले, १९८१मध्ये ‘मॅक्सिम’ हे हॉटेलच विकत घेतलं. लाइफस्टाइल म्हणाल तर ह्याच्याइतकी कुणी विकली नाही. पण जे नाव भंडाऱ्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, त्याला लक्झरी म्हणायला कुणी तयार होईना. आर्नोसारखे लोक ह्यातून शहाणे झाले. त्यांनी परवाने परत घेतले, दुकानं स्वतःची केली. मला स्वतःला कार्डिन जास्त आवडतो. त्याच्यामुळे निदान आमच्या कपाटापर्यंत काहीतरी पोचलं.

महाराष्ट्रातलं ह्या चालीचं घर म्हणजे अनिता डोंगरे. इथे क्रम उलटा आहे. पॅरिसची घरं वरून खाली आली, श्रीमंतांच्या झग्यावरून अत्तराच्या बाटलीकडे. डोंगरे खालून वर गेल्या. १९९५मध्ये सुरुवात, मग ‘अँड’ ह्या नावाने ऑफिसला जाणाऱ्या मुलींचे कपडे, मग ‘ग्लोबल देसी’, मग स्वतःच्या नावाचे लग्नाचे घागरे आणि दागिने, २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या सोहोत दुकान. एप्रिल २०१६मध्ये ब्रिटनच्या केट मिडलटनने मुंबईच्या ओव्हल मैदानावर त्यांचा ड्रेस घालून क्रिकेट खेळलं आणि त्यांची वेबसाइट कोसळली. (त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या अनोळखी इंजिनिअरबद्दल मला फार जिव्हाळा आहे.) पालघर जिल्ह्यात चारोटीला गावातल्या बायकांना शिलाईचं काम देणारं त्यांचं केंद्र आहे. काम चांगलं आहे, ह्यात शंका नाही. पण अशा प्रत्येक घराच्या जाहिरातीत कारागीर एका ठरावीक पद्धतीनेच दिसतो. कॅमेरा हातांवर जातो, सुईवर जातो, सुरकुत्यांवर रेंगाळतो आणि मनगटाशी थांबतो. चेहरा असलाच तर हसरा, आणि खाली नाव नाही.

३० मार्च २०२३ला दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. मुंबईच्या ‘चाणक्य’च्या कारागिरांनी भरतकाम केलेलं भलंमोठं तोरण मागे होतं. हे श्रेय दिओरने लपवलं नाही, मारिया ग्राझिया किउरी आणि करिष्मा स्वाली ह्यांची जुनी ओळख सगळीकडे छापून आली. हे इतर घरांच्या कितीतरी पुढे आहे. तरीही शोचं चित्रण बघताना मला सारखं आमच्या धंद्यातलं ओपन सोर्स आठवत होतं. शेकडो जणांनी लिहिलेला कोड, त्यावर उभं एक चकचकीत ॲप, आणि सेटिंग्जच्या तळाशी आभाराची एक ओळ. ओळ आहे, म्हणजे कायद्याने सगळं ठीक.

इथे शब्दाचं एक गंमतशीर वळण आहे. ‘हाऊस’ला आपल्याकडे जवळचा शब्द घराणं. आणि गाण्यातली आपली घराणी बहुतेक गावांच्या नावांनी ओळखली जातात, ग्वाल्हेर, किराणा, जयपूर. कापडाचंही तसंच, पैठणी, चंदेरी, माहेश्वरी. पॅरिसची घराणी माणसांच्या नावांची. माणसाचं नाव त्याच्या हयातीत आणि नंतरही विकता येतं, परवान्यावर देता येतं, पेनावर छापता येतं. गावाचं नाव कुणा एकाचं नसतं. ते विकता येत नाही, आणि म्हणून त्याच्यात कुणी पैसाही घालत नाही. जीआय म्हणजे भौगोलिक निर्देशांक ह्या नावाला कुंपण घालतो. पण कुंपण घातलं म्हणून शेत पिकत नाही.

गावाच्या नावात ताकद मुळीच नसते असंही नाही. जून २०२५मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने पुरुषांच्या पायात जी चप्पल घातली, ती कोल्हापुरी आहे हे इथे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. प्राडाने तिला नुसतं ‘चामडी सँडल’ म्हटलं होतं. आरडाओरडा झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, प्राडाला मूळ मान्य करावं लागलं, त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन २,००० जोड इथेच बनवायचं जाहीर झालं, किंमत सुमारे ८०० युरो. ह्यातून कारागिराच्या हातात किती पडेल, हा खरा प्रश्न, आणि तो विचारत राहायला हवा. मला मात्र ह्या भांडणातली पहिली पायरी महत्त्वाची वाटते. लोकांनी चप्पल ओळखली, म्हणून भांडण झालं.

उद्या कुणी मिलानच्या रॅम्पवर करवतकाठी आणली तर?

करवतकाठी म्हणजे आमच्या भागातली कोशाची साडी. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या जंगलात वाढणाऱ्या किड्यांचा हा रेशीमधागा. जग त्याला टसर म्हणतं, आम्ही कोसा. किडे सांभाळण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाकडे, विणण्याचं कोष्ट्यांकडे. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव त्यासाठी ओळखलं जातं. अंग कोशाचं, मातकट सोनेरी. काठ सुताचा, गडद. दोन्ही काठांचे आणि अंगाचा असे तीन धोटे वेगवेगळे चालतात, आणि जिथे काठ अंगाला भेटतो तिथे बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून करवतीचे दाते उमटवतात. रामटेकच्या देवळावरून ही नक्षी आली असं सांगतात. वेळखाऊ काम आहे. तीन धोट्यांऐवजी एक धोटा फिरवला की साडी कितीतरी लवकर उतरते आणि लांबून फरक कळत नाही.

जीआय हिलाही आहे. पण नाव बघा. पैठणीत पैठण आहे, कोल्हापुरीत कोल्हापूर आहे. करवतकाठीत ना भंडारा आहे ना कुणी माणूस, आहे ती फक्त काठाची नक्षी. ऑनलाइन टसर शोधलं तर भागलपूर येतं, चांपा येतं. ती त्या गावांनी कमावलेली नावं आहेत, त्यांचा हेवा करण्यात अर्थ नाही. पण प्राडाच्या चपलेसारखा करवतीचा काठ कुणी उचलला, तर पत्र कोण लिहील? आधी ओळखेल कोण? माझ्याबरोबर नागपूरला इंजिनिअरिंग केलेली भंडाऱ्याची सात-आठ मुलं-मुली आज पुण्या-हैदराबादला आहेत. त्यांच्यातल्या दोघींच्या लग्नात लाखालाखाचे डिझायनर घागरे होते. करवतकाठी एकीच्या आजीच्या अंगावर होती, आणि फोटोग्राफरने आजींना कडेला उभं केलं होतं.

ह्यावर कुणी म्हणेल, मग तुम्हीच काढा की एक घराणं, भंडाऱ्याचं. कल्पना वाईट नाही. पण घराणं ज्या वाटेने मोठं होतं ती वाट आपण बघितली. पहिल्या पाच वर्षांत ते कोसा विकेल, दहाव्या वर्षी कोशाच्या रंगाचा मोबाइल कव्हर. म्हणून गुंतवणूकदार शोधण्याआधी मला गिऱ्हाईक जास्त गरजेचं वाटतं, काठ बघून कापड ओळखणारं. जुन्या बायका दुकानात साडी हातात घेतली की आधी उलटी करायच्या. छापलेले दाते उलट्या बाजूला फिके पडतात, विणलेले दोन्हीकडून दिसतात. मग जिथे काठ अंगाला मिळतो तिथून बोट फिरवायच्या, धागे एकमेकांत गुंतलेत का ते बघायला, आणि त्यानंतरच भाव विचारायच्या.